बादशाह खान : सब्र हेच हत्यार

रमजानला सब्रचा महिना म्हणतात. सब्र म्हणजे दिवसभर पोट रिकामे ठेवणे एवढेच नव्हे. रोजा जसा पोटाचा असतो तसा तो जिभेचा, डोळ्यांचा आणि हाताचाही असतो. कोणी शिवी दिली, कुरापत काढली, तरी आपला रोजा आहे एवढेच सांगून रोजेदाराने बाजूला व्हावे, अशी पैगंबर साहेबांची शिकवण आहे. महिनाभर हे पाळतानाही भल्याभल्यांची दमछाक होते. एका पठाणाने मात्र ते जन्मभर पाळले आणि बंदुकीशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या हजारो पठाणांकडूनही पाळून घेतले. त्यांचे नाव खान अब्दुल गफार खान. सरहद्दीवरचे लोक त्यांना प्रेमाने बादशाह खान म्हणत. उर्वरित भारताने त्यांना सरहद्द गांधी म्हटले.

उतमानझईचा मुलगा

पेशावरजवळच्या उतमानझई गावात १८९० साली त्यांचा जन्म झाला. वडील बेहराम खान गावचे मोठे जमीनदार. पठाणांच्या मुलखात बदला घेणे हा इज्जतीचा प्रश्न. आजोबाच्या खुनाचा बदला नातवाने घ्यायचा, त्याचा बदला पुढच्या पिढीने, असे वैर घराघरांत वारशासारखे चालत आलेले. बेहराम खानांनी मात्र आपल्या वैऱ्यांना माफ करून टाकले होते. खान असून कोणाशी वैर नाही, ही त्या मुलखातली नवलाईच होती. लहानग्या गफारने क्षमेचा पहिला धडा पुस्तकात नव्हे, घरातच पाहिला.

त्या काळी सरहद्दीवर शाळा कमी आणि शाळेला विरोध जास्त. इंग्रजी शाळेत जाणारा मुलगा दीनला मुकतो, असे काही मौलवी सांगत फिरत. बेहराम खानांनी तिकडे लक्ष न देता दोन्ही मुलांना पेशावरच्या मिशन शाळेत घातले. तिथले मुख्याध्यापक विग्रॅम हे ख्रिस्ती पाद्री. परक्या देशातून, परक्या धर्मातून आलेला हा माणूस पठाणांच्या पोरांवर जीव लावून शिकवत होता. दूरदेशीचा माणूस आपल्या मुलांसाठी एवढे करतो, मग आपण आपल्या माणसांसाठी काय करतो, हा प्रश्न तरुण गफारच्या मनात तिथेच रुजला. पुढे आयुष्यभर ते या गुरूचे ऋण मानत राहिले.

घोडदळात अधिकारी होण्याची संधी त्यांना चालून आली होती. उंचापुरा, देखणा, खानदानी पठाण, इंग्रजांना अशीच माणसे हवी होती. पण फौजेत अधिकारी असलेल्या एका ओळखीच्या पठाणाचा गोऱ्या साहेबाने केलेला पाणउतारा त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि त्या नोकरीवर पाणी सोडले. थोरले भाऊ डॉक्टर होण्यासाठी विलायतेला गेले होते. त्यांच्यामागोमाग जायची तयारीही झाली होती, पण आईने निरोप देण्यास नकार दिला. आईचे मन मोडून ते गेले नाहीत. गावातच राहिले आणि १९१० मध्ये तुरंगझईच्या हाजी साहेबांसोबत त्यांनी शाळा सुरू केली. पुढे गावोगाव शाळा निघाल्या. इंग्रज सरकारने त्या बंद पाडल्या. १९२१ मध्ये त्यांनी पुन्हा उतमानझईत आझाद शाळा उघडली. मुलांना शिकवण्याच्या या खटाटोपापायी त्यांना तीन वर्षांचा तुरुंगवास भोगावा लागला.

घरातही सुख फार लाभले नाही. पहिली पत्नी १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. १९२६ मध्ये हजच्या सफरीत दुसरी पत्नी जेरुसलेममध्ये जिन्यावरून पडून दगावली. त्यानंतर त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. उरलेले आयुष्य खिदमतीला दिले.

खुदाला खिदमत लागत नाही

१९२९ च्या अखेरीस त्यांनी संघटना उभारली आणि तिला नाव दिले खुदाई खिदमतगार, म्हणजे ईश्वराचे सेवक. त्यामागचा त्यांचा विचार साधा होता. खुदाला कोणाच्या सेवेची गरज नाही. त्याने निर्माण केलेल्या माणसांची सेवा हीच त्याची सेवा. आणि खुदा केवळ मुसलमानांचा नाही, तो साऱ्या जगाचा पालनहार आहे. मग सेवा करताना समोरच्याचा धर्म विचारायचा कशाला?

खिदमतगार होणाऱ्याला शपथ घ्यावी लागे. हिंसा करणार नाही, बदला घेणार नाही, जुलूम करणाऱ्यालाही माफ करीन, भाऊबंदकी आणि वैर सोडीन, रोज किमान दोन तास समाजाचे काम करीन. पठाणाने बदल्यावर पाणी सोडायचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची ओळखच टाकायची. तरीही हजारो पुढे आले. सरहद्दीवर हिंदू आणि शीख संख्येने थोडे होते. संघटनेची दारे त्यांनाही उघडी होती आणि त्यांच्यातूनही खिदमतगार झाले. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून ते विटकरी रंगात बुडवून घेतले. त्यावरून लाल डगलेवाले हे नाव पडले. सरकारने या लाल रंगाचा संबंध रशियाशी जोडून पाहिला. खरे कारण गरिबीचे होते.

नमाजच्या सफीत अमीर आणि फकीर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. मशिदीबाहेर पडले की मात्र खान खाटेवर आणि विणकर, न्हावी खाली, अशी गावची रीत. मशिदीतली बरोबरी हुजऱ्यात, शाळेत आणि गावकीतही उतरली पाहिजे, हा बादशाह खानांचा आग्रह होता. खिदमतगारांच्या रांगेत खानाचा मुलगा आणि कारागिराचा मुलगा एकत्र कवायत करत, एकत्र गावचे रस्ते झाडत. १९२८ मध्ये त्यांनी पश्तू भाषेत ‘पख्तून’ हे मासिक सुरू केले. त्यातून स्त्रियांच्या शिक्षणाविषयी आणि हक्कांविषयी लिहिले जाऊ लागले. बायांनीही त्यात लिहिले. सरहद्दीवर ही गोष्ट लहान नव्हती.

अहिंसा त्यांनी गांधीजींकडून उसनी घेतली असे अनेकांना वाटते. बादशाह खान स्वतः ती इस्लाममधूनच आल्याचे सांगत. मक्केतल्या तेरा वर्षांत पैगंबर साहेबांनी आणि त्यांच्या साथीदारांनी छळ सोसला, वाळीत टाकले जाणे सोसले, पण हात उगारला नाही. ते सब्र हेच या चळवळीचे हत्यार, असे ते पठाणांना समजावून सांगत. हे हत्यार पोलिसांना जप्त करता येत नाही, हेही ते लक्षात आणून देत.

किस्साखानी बाजार

२३ एप्रिल १९३० रोजी बादशाह खानांना अटक झाली. पेशावरच्या किस्साखानी बाजारात लोक जमले. हातात काही नव्हते. चिलखती गाड्या आल्या, गोळीबार झाला. पुढचे पडले की मागचे पुढे येत राहिले. सरकारने मृतांचा आकडा कमी सांगितला, लोक तो दोनशेच्या वर सांगत राहिले. एवढे होऊनही पठाणांनी उलट हात उचलला नाही.

त्याच दिवशी त्या बाजारात आणखी एक गोष्ट घडली. रॉयल गढवाल रायफल्सच्या शिपायांना गोळी झाडण्याचा हुकूम मिळाला होता. हे शिपाई हिंदू, हिमालयातल्या गढवालचे. समोरची माणसे मुसलमान, पेशावरची. ना भाषा एक, ना प्रांत, ना धर्म. चंद्रसिंह गढवाली यांच्यासह या शिपायांनी निःशस्त्र माणसांवर गोळी झाडायला साफ नकार दिला. त्यांच्यावर लष्करी खटला चालला. चंद्रसिंह यांना जन्मठेप झाली आणि त्यांच्या साथीदारांनीही वर्षानुवर्षे तुरुंग भोगला. पठाणांनी सब्र राखले आणि गढवाल्यांनी आपली भाकरी, आपले स्वातंत्र्य पणाला लावून बंदुका खाली ठेवल्या. वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांनी एकमेकांसाठी काय करावे, याचे याहून मोठे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागेल.

अटकेनंतर बादशाह खान पंजाबातल्या गुजरात तुरुंगात होते. तिथे हिंदू, मुसलमान, शीख असे सगळ्या धर्मांचे राजबंदी होते. तुरुंगातच गीतेचा आणि कुरआनचा वर्ग चालू झाला. कुरआन बादशाह खान शिकवत आणि गीता समजून घ्यायला स्वतः बसत. दुसऱ्याचा धर्मग्रंथ वाचल्याने आपला ईमान कमी होत नाही, असे त्यांचे मत होते. पुढे विद्यार्थी कमी झाल्याने वर्ग मंदावले, पण त्यांची स्वतःची नमाज आणि रोजे कधी चुकले नाहीत. पक्का मुसलमान असणे आणि शेजाऱ्याच्या धर्माचा आदर करणे यांत त्यांना कधीच विरोध दिसला नाही.

वर्ध्याचे दिवस

ऑगस्ट १९३४ मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून दोघे भाऊ सुटले, पण त्यांना सरहद्द प्रांतात आणि पंजाबात पाऊल ठेवायला बंदी झाली. घर बंद झालेल्या या पठाणाला महाराष्ट्राने घर दिले. जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने ते वर्ध्याला आले. गांधीजी तेव्हा वर्ध्यातच होते. मुलगी मेहेरताज हिलाही त्यांनी वर्ध्याच्या आश्रमात ठेवले. सरहद्दीवरच्या एका खानाने आपली लेक वैदर्भीय गावातल्या आश्रमात, हिंदू मुलींच्या सोबतीने राहायला ठेवावी, यात किती विश्वास होता हे वेगळे सांगायला नको. इथे सायंप्रार्थनेला ते बसत. नमाजची वेळ झाली की नमाज पढत. कोणालाच त्यात वावगे वाटत नसे. त्याच सुमारास काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना देऊ केले गेले. आपण शिपाई आहोत, शिपाईच राहू द्या, असे सांगून त्यांनी ते नाकारले. पुढच्याच वर्षी महादेवभाई देसाई यांनी या दोन भावांवर एक छोटे पुस्तक लिहिले.

वर्ध्यातले दिवस फार टिकले नाहीत. मुंबईत भारतीय ख्रिस्ती मंडळींच्या सभेत त्यांनी सरहद्दीवरच्या गोळीबारांची आणि दडपशाहीची हकिगत सांगितली होती. ते भाषण सरकारला राजद्रोहाचे वाटले. ७ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यात त्यांना अटक झाली. रमजान अगदी तोंडावर आला होता. त्याच रमजानात मुंबईच्या न्यायालयाने त्यांना दोन वर्षांची सक्तमजुरी सुनावली. ख्रिस्ती बांधवांच्या व्यासपीठावरून बोललेला, हिंदू कुटुंबाचा पाहुणा असलेला हा मुसलमान रोजे ठेवायला पुन्हा तुरुंगात गेला.

बंदी उठल्यावर १९३७ मध्ये ते घरी परतले. १९३८ च्या शरद ऋतूत गांधीजी सरहद्दीच्या दौऱ्यावर आले. दौऱ्याच्या उत्तरार्धात रमजान लागला. बन्नूच्या भागात काही महिन्यांपूर्वीच टोळीवाल्यांनी छापा घालून हिंदूंची लूट केली होती, माणसे मारली होती. तिथल्या हिंदूंच्या मनात धास्ती होती. अशा वेळी शेजाऱ्याच्या दारापुढे उभे राहणे ही खिदमतगाराची परीक्षा आहे, ही गोष्ट या दौऱ्यात पुन्हा पुन्हा सांगितली गेली. बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांना अभय द्यायचे, हा बादशाह खानांचा नियम होता. सरहद्दीवर मुसलमान बहुसंख्य होते, म्हणून तिथे ती जबाबदारी मुसलमानांची.

जिथे जो कमजोर, तिथे त्याच्या बाजूने

हा नियम किती महाग पडतो, हे १९४६ आणि १९४७ मध्ये कळले. बिहारात दंगल उसळली, हजारो मुसलमान मारले गेले, गावेच्या गावे उठली. बादशाह खान बिहारात गेले. १९४७ च्या मार्चमध्ये गांधीजींबरोबर जळालेली घरे, उद्ध्वस्त मोहल्ले पाहत फिरले. हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना परत आणावे, अशी विनवणी करत राहिले. त्याच काळात त्यांच्या स्वतःच्या प्रांतात हिंदू आणि शीख मारले जात होते, लुटले जात होते. तिथे त्यांच्या सांगण्यावरून हजारो खुदाई खिदमतगार पेशावरला आणि गावागावांत पहाऱ्याला उभे राहिले. अनेक हिंदू-शीख कुटुंबे त्यांच्या आसऱ्याने वाचली.

बिहारात ते मुसलमानांच्या बाजूने बोलले, सरहद्दीवर हिंदू-शिखांच्या. माणसे दोन ठिकाणी वेगळी होती, नियम एकच होता. पण त्या दिवसांत हे समजून घ्यायला लोक तयार नव्हते. त्यांच्याच काही धर्मबांधवांनी त्यांना हिंदूंचा हस्तक म्हटले, मुसलमानच नाही म्हटले. पाचही वेळा नमाज पढणाऱ्या माणसाला हे ऐकावे लागले. त्यांनी शिवीला शिवी दिली नाही.

फाळणी ठरली. ज्या काँग्रेससाठी पठाणांनी गोळ्या झेलल्या, तिनेही फाळणी मान्य केली, याचे दुःख त्यांना अखेरपर्यंत होते. सार्वमतावर खिदमतगारांनी बहिष्कार टाकला. १९४७ च्या ऑगस्टमध्ये दोन देश झाले तेव्हाही रमजान चालू होता. पुढच्या काही महिन्यांत सरहद्दीवरचे बहुतेक हिंदू आणि शीख निघून गेले. पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी गेले आणि मोहल्ले रिकामे झाले. खिदमतगारांनी जीव वाचवले, पण शेजार वाचवता आला नाही. बादशाह खानांच्या आयुष्यातली ही हार होती आणि त्यांनी ती कधी लपवली नाही.

त्यांनी पाकिस्तान सोडले नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये पाकिस्तानच्या घटना समितीत त्यांनी निष्ठेची शपथ घेतली. जूनमध्ये त्यांना अटक झाली. ऑगस्टमध्ये चारसद्दाजवळच्या बाबरा इथे खिदमतगारांच्या जमावावर गोळीबार झाला, खूप माणसे गेली. संघटनेवर बंदी आली. इंग्रजांच्या काळात जेवढे तुरुंग पाहिले त्याहून अधिक तुरुंगवास त्यांनी स्वतंत्र पाकिस्तानात पाहिला. १९६४ मध्ये उपचारासाठी ते बाहेर पडले आणि पुढे आठ वर्षे अफगाणिस्तानात राहिले. इंग्रजांचा आणि पाकिस्तानचा मिळून त्यांचा तुरुंगवास जवळपास तीन दशकांचा भरतो.

हातात एक गाठोडे

१९६९ हे गांधीजींचे जन्मशताब्दी वर्ष. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी बादशाह खान दिल्लीला उतरले. बावीस वर्षांनी ते या भूमीवर येत होते. स्वागताला इंदिरा गांधी आणि जयप्रकाश नारायण होते. ऐंशीच्या घरातल्या या पाहुण्याच्या हातात कपड्यांचे एक गाठोडे होते आणि ते त्यांनी कोणाला उचलू दिले नाही.

शताब्दीच्या सोहळ्यासाठी ते आले खरे, पण काही दिवसांपूर्वीच गुजरातेत दंगल झाली होती. गांधीजींच्याच अहमदाबादेत शेकडो माणसे मारली गेली होती, त्यांत मुसलमान मोठ्या संख्येने होते. बादशाह खानांनी सत्कार बाजूला ठेवले आणि तीन दिवस उपवास केला. मग अहमदाबादेत जाऊन दोन्ही समाजांच्या माणसांना भेटले. त्यानंतर कित्येक आठवडे ते देशभर फिरत राहिले. रमजान आला, तेव्हाही ते भारतातच होते. त्याच रमजानात, २४ नोव्हेंबर १९६९ रोजी, त्यांनी संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांसमोर भाषण केले. कौतुकाचे दोन शब्द बोलून त्यांना निघून जाता आले असते. पण गांधीजींचे पुतळे उभारणाऱ्या देशाने त्यांची शिकवण मात्र विसरायला घेतली आहे, हे त्यांनी यजमानांच्या तोंडावर सांगितले. पाहुणचार त्यांनी प्रेमाने घेतला, खोटी स्तुती मात्र केली नाही.

१९८७ मध्ये भारताने त्यांना भारतरत्न दिले. भारताचे नागरिक नसलेल्या व्यक्तीला हा सन्मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दफन अफगाणिस्तानात, जलालाबादला व्हायचे होते. तिकडे लढाई पेटलेली होती. त्या दिवसासाठी बंदुका थांबल्या, हजारो माणसे सीमा ओलांडून जनाजासोबत गेली. तिथेही बॉम्बस्फोट झाले, काही माणसे दगावली. ज्याने आयुष्यभर हत्यार टाकायला सांगितले, त्याच्या दफनालाही हत्यारांनी सोडले नाही.

त्यांच्या आयुष्याचा जमाखर्च मांडला तर पदरात अपयशच जास्त दिसते. फाळणी त्यांना टाळता आली नाही. त्यांचा मुलूख पुढे बंदुकांच्याच हवाली झाला. पण १९४७ च्या त्या दिवसांत पेशावरच्या गल्ल्यांत जी हिंदू-शीख माणसे खिदमतगारांच्या पहाऱ्याआड जिवंत राहिली, त्यांच्या मुलाबाळांसाठी हा हिशेब वेगळा आहे. एका माणसाचा जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीचा जीव वाचवणे, ही कुरआनची शिकवण ते सांगत बसले नाहीत, त्यांनी ती पाळली.

रमजानच्या संध्याकाळी गावोगावी आता इफ्तारच्या दस्तरखानावर शेजारीपाजारीही बसतात. कोणी खजूर पुढे करतो, कोणी पाणी. ही रीत चांगलीच आहे. बादशाह खानांनी तिच्यापुढची पायरी दाखवली. शेजाऱ्यावर वाईट दिवस आला, तर आपण बहुसंख्य असू त्या गल्लीत त्याच्या दारापुढे उभे राहायचे. तो कोणत्या धर्माचा आहे, हे नंतर विचारायचे, आणि विचारले नाही तरी चालते.